शेषरावांनी लावलेले व्हिडिओ गेमचे नंबर

भिंतीवर मथळा आधी रंगवून टाकायचा आणि त्याखाली काय लिहायचं ते मागून ठरवायचं, हा उद्योग सुलतानपूरच्या पुढं तीन किलोमीटरवरच्या त्या गावाशिवाय दुसरीकडं कुठं झाला असेल असं वाटत नाही. भिंत फहीमच्या मोबाईल दुकानाची, बसथांब्याच्या अगदी समोरची. दिवाळीनंतर फहीमनं दुकानाच्या मागच्या खोलीत दोन मोठे टीव्ही, दोन गेमची यंत्रं आणि चार खुर्च्या टाकून गेम झोन काढला, आणि जाहिरातीसाठी धम्मरत्न पेंटरला बोलावलं. धम्मरत्ननं निळ्या रंगात, सावली देऊन, झोकात लिहिलं, 'आजवरचे सर्वांत महान व्हिडिओ गेम'. खाली एक ते पाच आकडे काढले. मग ब्रश हातात धरून त्यानं विचारलं, "हं, सांगा. एक नंबर कोन?"

तिथंच माशी शिंकली. फहीम म्हणाला फुटबॉल. त्याचा जिगरी दोस्त गोकुळ म्हणाला बंदुकीचा. बालवाडीपासून एका डब्यात जेवलेली ही दोन पोरं, पण तीन दिवस त्या एका नंबरावरून अशी भांडली की चौथ्या दिवशी एकमेकांशी बोलायची बंद झाली. धम्मरत्न डबे घेऊन घरी गेला. भिंतीवर नुसते आकडे राहिले. गावातल्या दोघा-तिघांना वाटलं, घरकुलाची यादी लागून राह्यली, ते आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. आता बोला!

हे भांडण तोडायला शेवटी बोलावलं कोणाला, तर शेषरावांना. वय सदुसष्ट. बटनाचा फोन वापरणारा माणूस. व्हिडिओ गेम म्हणजे काय हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. पण बोलावणाऱ्याची अगदीच अक्कल गेली होती असंही नाही, आणि ते समजायला शेषराव कोण ते आधी सांगितलं पाहिजे.

शेषराव म्हणजे पटाचं घड्याळ. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. जोडी छकडा घेऊन सुटली की आठ-नऊ सेकंदांत खेळ खलास, आणि पाव सेकंदावरून मोठमोठ्या घराण्यांच्या लाठ्या निघतात. अशाच एका पटात, शेषराव तिशीचेही नव्हते तेव्हा, दोन मालदारांच्या जोड्या बरोबर आल्या आणि डोकी फुटायची वेळ आली. मेहकरच्या एका रिटायर खेळाच्या मास्तरांकडून घेतलेलं, बटन दाबून सेकंद मोजायचं टिकटिक घड्याळ शेषरावांच्या खिशात होतं. त्यांनी पुढं होऊन दोन्ही वेळा सांगितल्या. कसं कोण जाणे, दोघांनीही मानलं. तेव्हापासून पंचक्रोशीतल्या पटांत शेवटच्या रेषेवरची खुर्ची त्यांची झाली.

आणि ती खुर्ची त्यांनी कशी सांभाळली म्हणता! स्वतःच्या गोठ्यात कधी शर्यतीचा बैल बांधला नाही. पटाच्या दिवशी कोणाचा चहा घेतला नाही. भाकरी घरची, पाणी घरचं. धावत्या बैलांकडे ते बघतच नसत. नजर रेषेवर, अंगठा घड्याळावर. जोडी पांढरी होती का तांबडी, हेही त्यांना सांगता यायचं नाही. आणि जे झालं ते वहीत लिहायचं: जोडीचा नंबर, सेकंद, मधे कुत्रं आडवं आलं तर कुत्रं, वारा सुटला तर वारा. वही भरली की पेटीत. शेषरावांचा निकाल म्हणजे निकाल, त्यावर कोणी चूं करायचं नाही.

मग मधे कित्येक वर्षं पटच बंद होते. पुन्हा सुरू झाले तेव्हा कमिटी पोरांच्या हातात आली होती. मागच्या साली पोरांनी जालन्याकडून लाल किरणाचं घड्याळ भाड्यानं आणलं, लाल आकड्यांची पाटी लावली, आणि शेषराव आयुष्यात पहिल्यांदा गर्दीत उभे राहिले. बैल कसे धावतात ते त्यांनी त्या दिवशी पाहिलं. पाहून काही आनंद झाला नाही. अंगठा आपोआप हलत होता, आणि तो शेजारच्या माणसाला दिसू नये म्हणून त्यांनी हात खिशात घातला. दुपारी किरणाच्या मधून एक शेळी गेली, पाटीवर तीन सेकंद लागले, सगळं मैदान हसलं. शेषराव हसले नाहीत. यंदाच्या पटाला यंत्र आणायचं का शेषरावांना बसवायचं, यावरून कमिटीत दोन तट पडले होते. शेषरावांना ती खुर्ची हवी होती. असं मागणं शोभत नाही म्हणून ते बोलत नव्हते, पण रोज सकाळी घड्याळाला चावी देत होते.

कमिटीचा अध्यक्ष तो हाच गोकुळ. तो एका दुपारी शेषरावांच्या ओट्यावर येऊन बसला.

"बाबा, आमचं भांडन तोडा. तुम्ही लावाल ते नंबर मी मानतो, फहीमबी मानते. मंग मले कमिटीत बोलाले तोंड राहीन. सांगीन सगळ्याईले, पाहा, पोट्ट्यायच्या गेमचाबी निकाल या मानसानं देल्ला अन् कोनी हूं का चूं केलं नाही. खुर्ची तुमची."

"पन बापू, मले त्यातलं ओ का ठो समजत नाही."

"म्हनून तं तुमच्याकडं आलो!" गोकुळ म्हणाला. "समजनाऱ्याईनंच घोळ केला ना बाबा."

आता याला काय म्हणायचं? शेषरावांनी हो म्हटलं. खुर्ची डोळ्यापुढं आली की माणूस कशालाही हो म्हणतो.

दुसऱ्या दिवशी जेवण करून, टोपी घालून, घड्याळ आणि नवी कोरी वही घेऊन ते फहीमच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. फहीमनं मोठ्या आदरानं खुर्ची पुसून दिली. "काका, चहा?" शेषरावांनी हातानंच नको म्हटलं. पंच चहा घेत नसतो.

"आधी मले हे सांगा," ते म्हणाले, "सुटते कुठून अन् पोहोचते कुठं?"

गोकुळनं आपला बंदुकीचा गेम लावून दाखवला. शंभर माणसं छत्रीनं खाली उतरतात, एकमेकांना मारतात, शेवटी एक उरतो.

"मारतात काऊन?"

"काऊन म्हंजे? गेम आहे बाबा."

"वैर काय त्यायचं?"

गोकुळला वैर सांगता येईना. शेषरावांनी वहीत लिहिलं, 'कारण ठाऊक नाही.' मग फहीमचा फुटबॉल. त्यातले खेळाडू अगदी हुबेहूब घाम पुसत होते. फहीम म्हणाला, काका, हे खरे खेळाडू आहेत, खऱ्यांचेच चेहरे आहेत. "मंग ते खरे आत्ता कुठं आहेत?" शेषरावांनी विचारलं. फहीम म्हणाला, असतील आपल्या घरी. म्हणजे खरे घरी बसलेत आणि इथं पळतंय कोण? शेषरावांचं डोकं भणभणायला लागलं.

फहीमची बहीण फलक मेहकरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला. तिचा गेम ठोकळ्यांचा. ठोकळे खोदायचे, रचायचे, घर बांधायचं, तळं करायचं. शेषरावांना तो त्यातल्या त्यात समजला. त्यांनी घड्याळ सरसावून विचारलं, "बाई, हा संपते कुठं?"

"संपतच नाही काका."

"मंग जिंकते कोन?"

"कोनीच नाही जिंकत."

शेषरावांनी घड्याळ हळूच खिशात ठेवलं. ज्याला रेषाच नाही त्याचा निकाल द्यायचा कसा? तेवढ्यात फहीमचे अब्बा शकूरभाई आले. पंचवीस वर्षं ट्रक चालवून त्यांची कंबर गेलेली. आता फुरसतीत ते टीव्हीसमोर बसून परदेशातल्या रस्त्यावर ट्रक चालवतात. शेषराव त्यांच्याच वयाचे, म्हणून मोकळेपणानं म्हणाले, "शकूर, कंबर मोडली तरी हौस नाही फिटली का बे?" शकूरभाई शांतपणे म्हणाले, "यात पंक्चर होत नाही ना शेषरावभाऊ." पाचवा गेम जुन्या फोनमधला सापाचा, तो सगळ्यांनी दया येऊन यादीत घेतलेला.

पटात ज्याला कमी वेळ लागला तो पहिला. हा एकच कायदा शेषरावांना ठाऊक. त्या हिशोबानं साप पहिला येत होता, कारण साप अर्ध्या मिनिटात शेपटी चावून मरतो. त्यांनी तसं सांगताच पोरं खो-खो हसली. फहीम म्हणाला, "उलटं आहे काका. जितका लांब चालला तितका भारी."

"म्हंजे ज्याचा बैल संध्याकाळी पोहोचला तो एक नंबर?"

मग भारी म्हणजे काय ते तरी सांगा, असं शेषरावांनी विचारलं. गोकुळ म्हणाला, चित्र किती खरं दिसतं ते पाहायचं. फहीम म्हणाला, हातातल्या बटनांचा ताबा. फलक म्हणाली, डोकं किती लागतं ते. शकूरभाई म्हणाले, मन लागलं पाहिजे. चार माणसं, चार मापं. तीन दिवस शेषराव रोज जात होते आणि रोज निकालाशिवाय परत येत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रेषा सापडत नव्हती, आणि खुर्ची हातातून चालली असं वाटून ते धास्तावले होते.

संध्याकाळी हा सगळा गोंधळ ते मनकर्णाबाईंना सांगत. मनकर्णाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली. बाईंचं बोलणं आधीच मोजकं, त्यात मुलगी लग्न होऊन गेल्यापासून आणखी कमी झालेलं. शेषराव सांगत, त्या भाकरी थापत "हं" म्हणत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "जमत नसन तं नाही म्हना. गळ्यात काऊन घेता?"

"खुर्चीचा सवाल आहे वो."

"हं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. दुपारी गोकुळ बंदुकीच्या गेममध्ये बसला होता. इतक्यात त्याची आई दारात येऊन म्हणाली, "गोकुळ, लाईन आली रे, मोटार लाव जा!" शेतातली थ्री फेज लाईन चार तास येते, ती आल्याबरोबर पळायचं असतं. गोकुळ जागचा हलला नाही. आईनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. माऊली शिव्यांवर आली. आणि शेषरावांच्या लक्षात आलं की पहिल्या हाकेलाच आपला अंगठा दाबला गेलाय, घड्याळ पळतंय. गोकुळनं दचकून "आँ? काय वो माय?" म्हटलं, तेव्हा काटा एक मिनिट बावन्न सेकंदांवर थांबला.

शेषराव खुर्चीतून उठूनच उभे राहिले. सापडली रेषा! हाक मारली तिथून सुरू, ओ दिली तिथं शेवट. ज्या खेळात घरची हाक जास्तीत जास्त वेळ ऐकू येत नाही, तो खेळ मोठा. यात चित्र नको, बटनं नकोत, डोकं नको. त्यांना इतका आनंद झाला की फहीमनं आणलेला चहा ते घेता घेता राहिले.

मग काय, आठ दिवस गावात धमाल. शेषरावांनी कायदा केला, हाक खऱ्या कामाचीच पाहिजे. खोटी हाक पकडली तर ती धाव बाद. माणूसही घरचंच पाहिजे आणि दाराच्या उंबऱ्याबाहेरूनच बोलायला पाहिजे. ते स्वतः घरोघर जाऊन सांगून आले. एकेका गेमच्या पाच-पाच धावा घेतल्या. फहीमची अम्मी फातिमाभाभी, त्यांनी शकूरभाईंना दवाखान्यात जायचंय म्हणून हाक मारली. ट्रकवाले शकूरभाई सव्वीस सेकंदांत वळले. जुन्या ड्रायव्हरला मागचा हॉर्न ऐकायची सवय, असं त्यांनी वर कारण दिलं. साप सात सेकंद. फुटबॉल अठ्ठेचाळीस. बंदूक सरासरी पावणेदोन मिनिटं. आणि फलक ठोकळ्यांचं तळं बांधत असताना फातिमाभाभी ओरडल्या, "दूध उतू जा रहा, फलक!" ते दूध उतू गेलं, गॅस विझला, भाभींनी मागच्या घरात पळत जाऊन स्वतः गॅस बंद केला, तेव्हा कुठं फलकनं मान वर केली आणि विचारलं, "काही जळून राह्यलं का?" चार मिनिटं दहा सेकंद!

म्हणजे एक नंबर ठोकळ्यांचा. गोकुळही हरला, फहीमही हरला, आणि फहीम हरला म्हणून गोकुळ खूष, गोकुळ हरला म्हणून फहीम खूष. दोघं एकमेकांना टाळी देऊन बोलायला लागले. शेषरावांचा जीव भांड्यात पडला. उद्या सकाळी भिंतीसमोर निकाल वाचायचा, दुपारी कमिटीची बैठक. खुर्ची आता कुठं जात नव्हती.

त्या संध्याकाळी, अजून दिवस मावळायचा होता, शेषरावांनी ओट्यावर बसून मनकर्णाबाईंना सगळी वही वाचून दाखवली. हाक ते ओ. धाव पहिली, धाव दुसरी. बाई नेहमीप्रमाणं "हं" म्हणतील म्हणून ते थांबले. बाई म्हणाल्या नाहीत.

"ज्यात हाक ऐकू येत नाही तो पहिला?" त्यांनी विचारलं.

"हाव. तोच मोठा."

"मोठा काऊन? मले वाटलं, तुम्ही वाईटाचे नंबर लावून राह्यले."

शेषराव पुन्हा गोंधळले. याचा त्यांनी विचारच केला नव्हता. ते काहीतरी समजावून सांगायच्या बेतात होते, तेवढ्यात मनकर्णाबाई वहीकडं बघत म्हणाल्या, "अन् यात एक राह्यला."

"कोनता?"

"पट."

"पट काय व्हिडिओ गेम आहे का?"

"नसू द्या. हाक तं मारली होती." बाईंचा आवाज जराही चढला नव्हता. "माही माय गेली तवा."

शेषरावांना आठवलं. म्हणजे त्यांना जे आठवत होतं ते आठवलं. नव्व्याण्णव सालची गोष्ट. नांदुऱ्याहून फोन आला की सासूबाईंचं जास्त आहे. आपल्याला पटात निरोप मिळाला, आपण लगेच निघालो, पण मेहकरची शेवटची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी दुपारी नांदुऱ्याला पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. बाईंना आईचं तोंड पाहायला मिळालं नाही. वाईट झालं. पण गाडीच चुकली, त्याला कोण काय करणार? पंचवीस-सव्वीस वर्षं ते हेच सांगत आले होते, आणि ऐकणाऱ्यानं गाडीला दोन शिव्या घातल्या की वर आपल्याही दोन घालत आले होते.

"गाडी चुकली होती वो," ते म्हणाले.

"गाडी पाचची होती. भाऊरावभाऊजीले मी तुमच्याकडं कवा धाडलं होतं?" भाऊराव म्हणजे शेषरावांचे धाकटे भाऊ. "ते सायकलीनं आले न तुमच्यापाशी? तुम्ही म्हनले, येतो. तसंच त्यायनं मले येऊन सांगतलं. भाऊजी म्हनत होते, वयनी, मी पोहोचवतो तुमाले, चला. मी म्हनलं, नाही, ते येतो म्हनले ना. ते बोलतात तसं करतात."

"मी लगेच निघालो होतो!" शेषराव जवळजवळ ओरडले.

"असन," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि आत चुलीकडं गेल्या.

पंच माणूस. वाद झाला की वही बघायची, ही त्यांच्या अंगाला लागलेली सवय. शेषरावांनी माळवदाच्या खोलीतली पेटी ओढली, वह्या काढल्या, नव्व्याण्णवची शोधली. आपण खरे निघणार याची त्यांना खात्री होती. वही उजेडाला धरून ते पानं उलटत गेले. अक्षर त्यांचंच. जोडी एकतीस, आठ पूर्णांक चार. जोडी बत्तीस, नऊ. त्याखाली शाळेतल्या पोरासारखी नीट ओळ लिहिलेली होती:

'३ वाजून ४० मिनिटे. भाऊराव निरोप घेऊन आला. पट सुरू.'

आणि मग जोडी तेहेतीस. चौतीस. पस्तीस. पान उलटलं तरी जोड्या होत्याच. एकोणसाठाव्या जोडीखाली रेघ मारून लिहिलं होतं, '६ वाजून ३५. पट समाप्त.' वाऱ्याची नोंद होती, एका धुरकऱ्याच्या, म्हणजे जोडी हाकणाऱ्या गड्याच्या, हातातून कासरा सुटल्याची होती. मधे उठून गेल्याची कुठंच नव्हती.

शेषराव तिथंच पेटीवर बसले. आपण खोटं बोलत होतो का? तसं तर वाटत नव्हतं. त्यांना खरोखर आठवत होतं की आपण लगेच निघालो. "येतो" म्हटल्याचं आठवत होतं, आणि येतो म्हणणं आणि उठणं यांच्या मधे सत्तावीस जोड्या धावल्या, त्या कुठं गेल्या ते कळत नव्हतं. त्या दिवशीचा निरोप कानावर आला होता, तो हातानं लिहूनही घेतला होता, आणि तरी ऐकू आला नव्हता. असं कसं होऊ शकतं? त्यांनी बोटांवर मोजलं. घरी यायला आणखी अर्धा तास. म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. मनकर्णाबाई पिशवी भरून, लुगडं नेसून, दारात साडेतीन तास उभ्या होत्या, कारण ते बोलतात तसं करतात. शेषरावांना लाज वाटली, इतकी की स्वयंपाकघराकडं मान वळवायचीही हिंमत होईना. रात्री बाईंनी भाकरी मात्र नेहमीसारखी गरम वाढली.

सकाळी बसथांब्यासमोर ही गर्दी. धम्मरत्न डबे उघडून तयार. शेषरावांनी वही उघडून नंबर वाचले, पाचापासून एकापर्यंत, कोरड्या आवाजात. एक नंबर ठोकळ्यांचा म्हटल्यावर फलक टाळ्या पिटत नाचली, शकूरभाईंनी तिला "अब दूध देखना पहले" म्हणून टपली मारली. कोणी चूं केलं नाही. धम्मरत्ननं पहिला आकडा भरायला घेतला.

"काका, पन खरं सांगा," फहीमनं विचारलं, "तुम्ही पाहिलेल्यात सगळ्यात भारी हाच ना?"

शेषरावांनी वही मिटली. "व्हिडिओत हाच," ते म्हणाले. "बाहेरचं मले विचारू नको."

पोरांना वाटलं, बाबा कोड्यात बोलतात. गोकुळनं त्यांचा हात धरून सगळ्यांसमोर जाहीर केलं, "बैठक कायची आता? कमिटीतले सगळे इथंच आहेत. चौदा तारखेच्या पटात किरणाचं घड्याळ नाही, खुर्चीवर शेषरावबाबा. बोला, कोनाची हरकत?" कोणाचीच नव्हती. जे कालपर्यंत यंत्राच्या बाजूनं होते त्यांनीही हात वर केले. "मंग बाबा, पक्कं?"

ज्यासाठी हा माणूस बारा दिवस त्या खोलीत डोकं फोडत होता ते समोर आलं होतं. आणि शेषराव म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

गर्दी हसली. गोकुळ तर पोट धरून हसला. तीस वर्षं ज्यानं कोणाला विचारलं नाही तो खुर्चीसाठी घरी विचारणार! शेषराव मात्र चालू लागले होते.

मनकर्णाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेषराव त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कसं सुरू करावं ते समजेना, म्हणून त्यांनी वहीत होतं तेच सांगितलं.

"भाऊराव तीन चाळीसले आला होता. मी सहा पस्तीसले उठलो. मधे सत्तावीस जोड्या झाल्या."

मनकर्णाबाई सोलत राहिल्या.

"गाडी चुकली नव्हती. मीच चुकलो. तुह्या मायचं तोंड माह्यापायी राह्यलं. मले खरंच वाटत होतं मी लगेच निघालो. कसं वाटत होतं ते मले अजूनबी समजून नाही राह्यलं."

बाईंचे हात थांबले. पदरानं त्यांनी डोळे पुसले, मग पुन्हा एक शेंग घेतली.

"पोट्टे पटाची खुर्ची देऊन राह्यले," शेषराव हळूच म्हणाले. "तू म्हनशीन तसं. जाऊ का नको?"

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं.

"जा ना," त्या म्हणाल्या. "पटाले जाऊ नका असं मी तवाबी नव्हतं म्हनलं. मी फक्त हाक मारली होती."